हर्मायनी डोक्यात का जाते?

‘हॅरी पॉटर’च्या गप्पा रंगल्या की एका नावावर हमखास ग्रुपचे दोन तट पडतात. काहींना ती नियमांची पुस्तकं पाठ करणारी, सतत उपदेश पाजणारी वाटते. काहींच्या मते तीच खरी हिरो. पण हे भांडण नक्की नियमांवरून आहे का?

तास संपायला दोन मिनिटं उरलेली असतात. मॅडमनी पुस्तक मिटलेलं असतं, मागच्या बाकांवर दप्तरं भरून तयार असतात. आणि तेवढ्यात पहिल्या बाकावरून आवाज येतो, ‘मॅडम, कालचा होमवर्क तपासायचा राहिलाय!’ त्या क्षणी अख्ख्या वर्गाच्या मनात त्या मुलीबद्दल जे काही येतं, ते इथे छापता येणार नाही. प्रत्येकाच्या शाळेत अशी एक मुलगी होतीच. ऑफ पिरियडला बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम तिच्याकडे असायचं आणि ती स्वतःच्या मैत्रिणींचीही नावं लिहायची. खरं सांगा, आत्ता तुमच्या डोळ्यांसमोर एक चेहरा आला ना?

आता पहिल्या पुस्तकातली हर्मायनी ग्रेंजर आठवा. हॉगवर्ट्सला जाणाऱ्या ट्रेनमध्ये ती हॅरी आणि रॉनच्या डब्यात शिरते, रॉनची फसलेली जादू बघून त्यावर शेरा मारते आणि शाळा सुरू व्हायच्या आधीच सगळी पुस्तकं पाठ झाल्याचं सांगून टाकते. वर्गात तिचा हात कायम वर. मंत्राचा उच्चार चुकला की रॉनला तिथल्या तिथे सुधारणार. रात्री ही दोन पोरं गुपचूप बाहेर निघाली, तर त्यांना अडवायला ही जागी राहिलेली. एक वेळ मेलो तरी चालेल पण शाळेतून काढून टाकायला नको, हा तिचा तेव्हाचा हिशेब तर इतका प्रसिद्ध झालाय, की ज्यांनी पुस्तक वाचलं नाही त्यांनाही तो माहीत असतो.

म्हणजे काय, तर फळ्यावर नावं लिहिणारी मुलगीच ती. फक्त हातात खडूऐवजी छडी, तीही जादूची.

दोन्ही पार्ट्यांचं म्हणणं

पहिलं पुस्तक आलं 1997 साली, सातवं 2007 साली. तेव्हापासून आजतागायत हर्मायनीवरून वाचकांची जुंपतेच. विरोधी पार्टीचं म्हणणं आधी नीट ऐकून घेऊ, कारण ते अगदीच फालतू नाहीये.

तिसऱ्या पुस्तकात हॅरीला नाव-गाव नसलेल्या पार्सलमधून फायरबोल्ट येतो, जगातला सगळ्यात भारी झाडू. हॅरी आणि रॉन हरखून गेलेत आणि ही सरळ जाऊन प्रोफेसर मॅकगोनॅगलना सांगते. झाडू तपासणीसाठी जप्त! पुढे तो निर्धोक निघतो. सहाव्या पुस्तकात कुणाच्या तरी जुन्या पुस्तकातल्या समासातल्या टिपा वापरून हॅरी औषधांच्या तासाला तिच्या पुढे जातो, तेव्हा तिचा जळफळाट लपत नाही. छापलेल्या कृतीपेक्षा पेनाने खरडलेली कृती बरोबर असू शकते, हे तिला पचतच नाही. ‘मित्र म्हणून अशी मुलगी नको रे बाबा,’ असं कुणी म्हटलं तर मी त्याला लगेच वेड्यात काढणार नाही.

समर्थक पार्टीकडे उत्तर तयार असतं. ती नसती तर हॅरी पहिल्याच पुस्तकात संपला असता! विषाच्या बाटल्यांचं कोडं तिने सोडवलं. दुसऱ्या पुस्तकात ती स्वतः दगड होऊन पडली, तेव्हाही उत्तराचा कागद तिच्या मुठीत होता. सातव्यात घर सोडून पळायची वेळ आली, तर तंबूपासून औषधापर्यंत सगळं तिने आधीच एका छोट्याशा पर्समध्ये भरून ठेवलेलं. यावर विरोधक म्हणतात, ‘उपयोगी आहे हो, पण आवडत नाही.’ आणि गाडी तिथेच अडकते.

यात सिनेमांनीही गोंधळ वाढवलाय. पहिल्या पुस्तकात हॅरी आणि रॉन जीवघेण्या वेलीत अडकतात, तेव्हा हर्मायनीला उपाय आठवतो. पण जाळ करायला लाकूड नाही म्हणून ती घाबरी होते. आपल्या हातात जादूची छडी आहे हे तिला ओरडून सांगावं लागतं. पडद्यावर मात्र ती तिथे एकदम शांत. तिसऱ्या भागात हॅरीला मारायचं तर आधी आम्हाला मारा, अशा अर्थाचं वाक्य पुस्तकात मोडक्या पायाने उभा राहून रॉन म्हणतो. सिनेमात ते हर्मायनीला दिलंय. त्यामुळे सिनेमावाल्यांना भेटते ती न चुकणारी हर्मायनी आणि पुस्तकवाल्यांना भेटते ती गडबडणारी, हट्टी, कधी कधी नकोशी होणारी. भांडणारे बरेचदा दोन वेगळ्या मुलींवरून भांडत असतात.

जरा गुन्ह्यांची यादी बघा

पण दोन्ही पार्ट्या एक गोष्ट धरूनच चालतात, की हर्मायनी नियम पाळते. खरंच पाळते?

तिची हॅरी-रॉनशी मैत्री सुरू होते ती शिक्षकांशी खोटं बोलण्यातून. रॉनच्या टोमण्याने दुखावलेली ती बाथरूममध्ये रडत बसलेली असते, तिथे राक्षस घुसतो, ही दोघं तिला वाचवतात. मॅकगोनॅगल येऊन जाब विचारतात तेव्हा ती सगळं स्वतःवर घेते. म्हणे मीच राक्षसाला शोधायला आले होते! पाच गुण जातात. त्याच वर्षी ती भर सामन्यात स्नेपसरांचा झगा पेटवते आणि बाहेर पडण्यासाठी बिचाऱ्या नेव्हिलला मंत्राने ताठ करून आडवा पाडते. दुसऱ्या वर्षी स्नेपच्या खासगी कपाटातून सामान चोरून मुलींच्या बंद पडलेल्या बाथरूममध्ये महिनाभर बंदी असलेलं औषध शिजवते. आयडियाही तिचीच. चौथ्या वर्षी खोटं छापणाऱ्या पत्रकार बाईला किड्याच्या रूपात बरणीत कोंडते आणि ब्लॅकमेल करते. सातव्यात तर थेट बँकेवर दरोडा.

हा रेकॉर्ड ‘नियमांना चिकटून राहणाऱ्या’ मुलीचा आहे? रॉनचा यापेक्षा साधा असेल. तर मग ती सुरुवातीला एवढी घट्ट का होती, हा खरा प्रश्न आहे. माझं उत्तर असं, की ती त्या जगात नवीन होती.

हर्मायनीचे आईवडील डेंटिस्ट. जादूशी दुरान्वयेही संबंध नाही. रॉनला त्या जगातल्या चालीरीती घरातूनच मिळाल्यात, त्याचे पाच मोठे भाऊ त्याच शाळेत जाऊन आलेत. हॅरीही बाहेर वाढला, पण त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आणि बँकेच्या तिजोरीत वडिलोपार्जित सोनं. हर्मायनीकडे ओळख नाही, आडनाव नाही, घरी विचारायला कुणी नाही. आहेत ती फक्त पुस्तकं. म्हणून ती ती पाठ करते.

दुसऱ्या पुस्तकात मॅलफॉय तिला तिच्या जन्मावरून एक घाणेरडी शिवी देतो. मैदानात एकदम आग लागते. बहुतेकांना अर्थ कळतो, पण जिला दिली तिलाच तो माहीत नसतो. काहीतरी वाईट बोलला, एवढंच कळलं, असं ती नंतर सांगते. सगळी पुस्तकं पाठ करूनही हा एक शब्द तिला कुठे भेटलेला नसतो. मला हा प्रसंग सगळ्या मालिकेत जास्त टोचतो.

आता हॅरीकडे बघा. पहिल्याच वर्षी शिक्षिका नसताना झाडूवर उडायचं नाही हा नियम त्याने मोडला. शिक्षा? थेट हाउसच्या टीममध्ये जागा आणि वर नवाकोरा झाडू! दुसऱ्या वर्षी दोघांनी उडती कार पळवून आणून झाडावर आदळली. शाळेतून काढलं? नाही, थोडी शिक्षा आणि घरून एक ओरडणारं पत्र. कोणता नियम कुठपर्यंत वाकतो, हे आतल्या माणसाला माहीत असतं. आपण चुकलो तर कुणीतरी सांभाळून घेईल, याची त्याला खात्री असते. बाहेरून आलेल्याला ती खात्री नसते. त्याला वाटतं, एक चूक आणि आपण घरी.

तुमच्यापैकी जे घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. अॅडमिशनचं माहितीपत्रक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोण वाचतं? ज्याला विचारायला घरी कुणी नसतं तो. फॉर्मची शेवटची तारीख पाठ कुणाची असते? ज्याची स्कॉलरशिप हुकली तर वर्ष जाणार असतं त्याची. बाकीचे बिनधास्त म्हणतात, ‘चिल मार, होऊन जाईल.’ त्यांचं होतंही. म्हणून त्या मुलीच्या काळजीला ‘ओव्हरअॅक्टिंग’ म्हणण्याआधी थोडं थांबा.

खरे नियमवेडे दुसरेच

या मालिकेत नियमांवर प्रेम करणारी माणसं आणखीही आहेत आणि त्यांच्या शेजारी ठेवलं की हर्मायनी नीट दिसते. एक पर्सी, रॉनचा मोठा भाऊ. आधी प्रीफेक्ट, मग हेड बॉय, मग मंत्रालयात नोकरी. पाचव्या पुस्तकात मंत्रालय आणि घर यांत निवड करायची वेळ येते, तेव्हा तो मंत्रालय निवडतो आणि धाकट्या भावाला पत्र लिहून हॅरीचा नाद सोड असा सल्ला देतो. पर्सीला नियम आवडतात कारण नियमांच्या शिडीने वर चढता येतं.

दुसरी अंब्रिज. गुलाबी कपडे, गोड आवाज आणि भिंतीवर रोज नवा हुकूम. पर्सीला नियमांतून पद हवंय, हिला नियमांतून माणसं मुठीत हवीत. कायदा आडवा आला की ती नवा कायदा करते. मुलांना स्वतःच्या रक्ताने लिहायला लावते आणि त्याला शिस्त म्हणते.

या बाईंसमोर पहिला हात कुणाचा वर जातो? हर्मायनीचाच. कारण फळ्यावर लिहिलेल्या अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांत बचावाचे मंत्र वापरण्याबद्दल एक अक्षर नाही, हे तिच्या लक्षात आलेलं असतं. मग मुलांनी मुलांनाच शिकवायचं, ही कल्पना तीच काढते. त्यानंतर तीन किंवा जास्त मुलांच्या गटावर बंदीचा हुकूम निघतो. गट तरीही चालतोच. पहिल्या वर्षी रात्री खोलीबाहेर पडायला घाबरणारी मुलगी पाचव्या वर्षी भूमिगत संघटना काढते. मला विचाराल तर तिच्यात फार बदल झालेला नाही. नियम कशासाठी आहे हे ती पहिल्यापासून बघत होती. तो मुलांना वाचवत होता तोवर ती त्याच्या बाजूने होती. तो मुलांवर उलटला तेव्हा ती मुलांच्या बाजूने गेली.

सातव्या पुस्तकात यापुढचा घाव बसतो. मंत्रालयच शत्रूच्या हातात जातं आणि मगल घरांत जन्मलेल्या जादूगारांची नोंदणी सुरू होते. आरोप काय, तर तुम्ही जादू चोरलीत. नोंदणीच्या प्रमुखपदी पुन्हा अंब्रिज. ज्या मुलीने या जगाचे नियम सगळ्यात मनापासून शिकले, तिलाच आता कायदा चोर ठरवतो.

त्यानंतर ते तिघं रानोमाळ लपत फिरताना एक बारीकसा प्रसंग येतो. खायला काही नाही. हर्मायनी एका शेतावरून अंडी उचलते आणि कोंबड्यांच्या खुराड्याखाली पैसे ठेवून येते. बघायला कुणी नाही, गुण कापायला शिक्षक नाहीत, आणि कायदा तर तिला माणूसही मानत नाही. तरी ती पैसे ठेवते. इथे विरोधी पार्टीला मी हळूच विचारते, आता सांगा, हे नियमांचं वेड आहे?

पण विरोधक एका ठिकाणी बरोबर आहेत

समर्थक पार्टी मात्र इथे फटाके वाजवायला लागली, तर थांबा. हर्मायनीत एक दोष आहे आणि तो मोठा आहे. फक्त त्याचं नाव नियमवेड नाही. ‘मला कळतं, म्हणून तुमचं मी ठरवते,’ हा तो दोष.

घरगुती एल्फ म्हणजे पिढ्यान् पिढ्या बिनपगारी राबणारे गुलाम. त्यांच्यासाठी ती संघटना काढते, बॅज विकते. मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण ती करते काय? मालकाने कपडा दिला की एल्फ मुक्त होतो, म्हणून स्वतः टोप्या विणून कचऱ्याखाली लपवते, म्हणजे साफसफाई करताना नकळत उचलतील आणि मुक्त होतील. त्यांना हवंय का, कसं हवंय, मुक्त झाल्यावर जायचं कुठे, हे विचारतच नाही. परिणाम? एल्फना अपमान वाटतो, ते त्या भागात पाऊल टाकायचं सोडतात आणि सगळी सफाई एकट्या डॉबीवर पडते.

त्या भूमिगत गटाच्या यादीवर ती मंत्र घालून ठेवते, पण सही करणाऱ्यांना सांगत नाही. मॅरिएटा नावाची मुलगी फुटते आणि तिच्या तोंडावर ‘चुगलखोर’ अशा अर्थाची अक्षरं फोडांनी उमटतात. पुढच्या वर्षीही ती थापून मेकअप केलेली दिसते. मॅरिएटाने दगा दिला, मान्य. पण आधी माहीत असतं तर तो दगा थांबला असता. सांगितलंच नाही तर तो मंत्र संरक्षण कसलं, नुसती शिक्षाच. फळ्यावर नाव लिहिण्याऐवजी इथे तिने थेट चेहऱ्यावर लिहिलं.

आणि सगळ्यात जड गोष्ट आईवडिलांची. त्यांना शत्रूपासून वाचवायला ती त्यांच्या आठवणी बदलते. नावं नवी, मुलगी कधी नव्हतीच, आणि ऑस्ट्रेलियाला जायची ओढ. प्रेमापोटी केलं यात शंका नाही. पण त्यांना विचारलं होतं, असं पुस्तकात कुठेही येत नाही.

तरीही एल्फच्या बाबतीत दिशा तिचीच बरोबर ठरते. क्रीचरशी माणसासारखं वागा, असं ती सांगत राहते, सिरियस मनावर घेत नाही आणि त्याची किंमत त्याला जिवाने मोजावी लागते. शेवटच्या लढाईत स्वयंपाकघरातल्या एल्फना आधी बाहेर काढायला हवं, हे आठवतं ते रॉनला, इतकी वर्षं तिच्या बॅजची टिंगल करणाऱ्या रॉनला! तिचं म्हणणं शेवटी पोचलं ते असं. टोप्यांनी झालं नाही, बरोबर राहून झालं.

रॉनवरून आणखी एक आठवलं. तिसऱ्या पुस्तकात स्नेप तिला भर वर्गात शिष्ट, सगळ्यातलं कळणारी असं हिणवतात आणि तिच्या डोळ्यांत पाणी येतं. रॉन स्वतः तिला आठवड्यातून दोनदा तेच म्हणत असतो. पण तेव्हा तोच उसळून उठतो आणि शिक्षा ओढवून घेतो. ‘डोक्यात जाते’ म्हणायचा हक्क मित्रांचा असतो. खुर्चीवर बसलेल्याने तेच म्हटलं की ते वेगळं होतं, हे रॉनला बरोबर कळतं.

फळ्याकडे परत

लेखिका जे. के. रोलिंग यांनी मुलाखतींत सांगितलंय, की हर्मायनी म्हणजे त्यांच्याच लहानपणाचं थोडं फुगवलेलं रूप. कदाचित म्हणूनच तिला ना देवी केलंय ना खलनायिका. सातव्या पुस्तकात डंबलडोरच्या मृत्युपत्रातल्या वस्तू मंत्र्यांनी अडवून ठेवलेल्या असतात. सतरा-अठरा वर्षांची हर्मायनी त्यांना त्यांचाच कायदा सांगते. तो कशासाठी केला होता आणि त्यात काय बसत नाही, सगळं. मंत्री टोमणा मारतात, की कायद्यात करिअर करायचंय वाटतं? ती नाही म्हणते, मला जगात काहीतरी चांगलं करायचंय. पुढे 2016 मध्ये आलेल्या नाटकात मात्र ती स्वतःच जादूमंत्री झालेली दिसते.

हा मंत्र्यांचा प्रसंग मला आता जास्त आवडतो, त्याला एक कारण आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आमच्या वर्गातल्या एका मुलाचं नाव कमी हजेरीच्या यादीत लागलं. डेंग्यूने तीन आठवडे झोपून होता. ऑफिसातून उत्तर आलं, नियम म्हणजे नियम. आम्ही सगळे ‘किती अन्याय आहे यार’ करत कँटीनमध्ये बसलो. आणि आम्ही जिला मागून ‘मॅडमची चमची’ म्हणायचो, ती मुलगी शांतपणे माहितीपुस्तिकेचं एक पान घेऊन आली. आजारपणाचं सर्टिफिकेट वेळेत दिलं तर हजेरीत सूट देण्याची तरतूद त्यात होती. आमच्या कुणाच्याच नजरेला ती पडली नव्हती, कारण ती पुस्तिका आम्ही उघडलीच नव्हती. तो मुलगा परीक्षेला बसला.

तर मंडळी, पार्टी कोणतीही निवडा. हर्मायनी डोक्यात जात असेल तर जाऊ द्या, मित्रमैत्रिणी कधी कधी डोक्यात जातातच. पण कुणी नियमाचं नाव घेतलं, की लगेच कपाळाला आठ्या घालण्याआधी एकच प्रश्न विचारून बघा. हा नियम ती कुणासाठी सांगतेय? वर चढायला, दुसऱ्याला दाबायला, की कुणाचं तरी नाव यादीतून काढायला? आणि तुम्ही स्वतःच हर्मायनी असाल, तर तुमच्यासाठीही एक प्रश्न आहे. ज्याच्यासाठी एवढं सगळं करताय, त्याला एकदा विचारलंत का?

बाकी माझ्या शाळेतल्या त्या पहिल्या बाकावरच्या मुलीला मी सगळं माफ केलंय. होमवर्कचं सोडून.